युरिक ॲसिड घरी मोजायचं तर: मशीन, पट्टी आणि सहाचा आकडा

टाच दुखली, गुडघा कुरकुरला, सकाळी बोटं आखडली, की आपल्याकडे कुणीतरी म्हणतंच, "एकदा युरिक ॲसिड बघून घे." आता त्यासाठी लॅबपर्यंत जायचीही गरज उरलेली नाही. शुगरच्या मशीनसारखंच दिसणारं मशीन ऑनलाइन मिळतं, बोट टोचलं की काही सेकंदांत आकडा येतो. म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं: टाचदुखीसाठी हे मशीन घेऊ नका. टाच दुखायची कारणं बहुतेक वेळा वेगळी असतात, आणि युरिक ॲसिड वाढलेल्या पुष्कळ लोकांना आयुष्यभर गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणारा आजार, होत नाही. आकडा जास्त आला म्हणजे गाऊट झाला, असं नाही. गाऊटचं पक्कं निदान सांध्यातलं पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली सुईसारखे स्फटिक दिसले की होतं. ते जमत नसेल तर डॉक्टर लक्षणांचा इतिहास, सोनोग्राफी आणि रक्ततपासणी यांची सांगड घालून ठरवतात. रात्रीतून पायाच्या अंगठ्याचा सांधा लाल-गरम होऊन फुगणं, त्यावर चादरसुद्धा सहन न होणं, आणि आठ-दहा दिवसांत सगळं आपोआप शांत होणं, हे त्याचं ओळखीचं रूप.

मशीनचा खरा उपयोग आहे तो निदान झालेल्या, गोळी सुरू झालेल्या आणि डोस अजून बसायचा असलेल्या माणसाला. गाऊटच्या उपचारात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. युरिक ॲसिड कमी करणारी ॲलोप्युरिनॉलची १०० मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली जाते, दुखणं थांबतं, आणि पुढे आकडा कुठे आला हे वर्षभर कुणी बघतच नाही. ब्रिटनमधल्या नॉटिंगहॅमचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात नर्सनी रुग्णांना आजार नीट समजावून सांगितला आणि आकडा खाली येईपर्यंत डोस पायरीपायरीने वाढवत नेला. दोन वर्षांनी त्यांच्यातल्या ९५ टक्के रुग्णांचं युरिक ॲसिड ठरलेल्या ६ च्या रेषेखाली होतं, आणि नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांत फक्त ३० टक्के. औषधं दोन्हीकडे तीच उपलब्ध होती. फरक पडला तो आकड्याचा पाठलाग केल्याने. घरच्या मशीनने हा पाठलाग सोपा होतो, पण मशीन कुठे चुकतं हे माहीत असेल तरच.

सहाच का?

शरीराच्या तापमानाला रक्तात साधारण ६.८ मिलिग्रॅम प्रति डेसीलिटरपर्यंतच युरेट (युरिक ॲसिडचं रक्तातलं रूप) विरघळलेलं राहू शकतं. त्याच्या वर गेलं की सांध्यात स्फटिक बनायला जागा मिळते. पायाचा अंगठा बाकीच्या शरीरापेक्षा थंड असतो आणि थंडीत विद्राव्यता आणखी कमी होते. पहिला फटका बहुतेकदा तिथेच बसतो, त्याचं हे एक कारण. ६.८ च्या खाली थोडी मोकळीक हवी म्हणून उपचाराची रेषा ६ वर ठेवली आहे. त्वचेखाली, कानाच्या पाळीवर किंवा बोटांच्या सांध्यांवर पांढुरके खडे दिसत असतील किंवा गाऊटचे अटॅक वरचेवर येत असतील, तर बरेच तज्ज्ञ ५ च्या खाली ठेवायला सांगतात. कारण आकडा जितका खाली, तितका जुना साठा लवकर विरघळतो. मात्र वर्षानुवर्षं ३ च्या खाली ठेवू नये, असंही युरोपियन मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

इथे लॅबच्या रिपोर्टमुळे फसगत होते. रिपोर्टवर पुरुषांसाठी ७ किंवा ७.२ पर्यंतचा आकडा 'नॉर्मल' म्हणून छापलेला असतो. ती रेघ लोकसंख्येत सर्वसाधारणपणे काय आढळतं त्यावरून ठरलेली असते, स्फटिक कधी बनतात त्यावरून नाही. म्हणून गाऊटच्या रुग्णाचा ६.९ आला तर त्यापुढे ना बाण असतो ना तारा, रिपोर्ट 'नॉर्मल' म्हणून फाइलला लागतो, आणि सांध्यात मात्र स्फटिकांची भर पडत राहते. तुम्हाला गाऊट असेल तर छापलेली रेंज विसरा आणि ६ लक्षात ठेवा.

परदेशी मशीनवर किंवा आखातातल्या, युरोपातल्या नातेवाइकाच्या रिपोर्टवर वेगळेच आकडे दिसतील. तिकडे बऱ्याच ठिकाणी मायक्रोमोल प्रति लिटर हे एकक चालतं. आपल्या आकड्याला ५९.५ ने गुणलं की तो आकडा मिळतो. ६ म्हणजे सुमारे ३६०, ५ म्हणजे सुमारे ३००. काही मशीनवर ०.३६ असंही दिसतं. ते मिलिमोलमधलं, म्हणजे तेच ३६०. मशीन घेतल्यावर एकक कोणतं लावलंय ते पहिल्यांदाच बघा.

मशीनच्या आत काय चालतं

बाजारात दोन प्रकार दिसतात. फक्त युरिक ॲसिड मोजणारं, आणि 'तीन-इन-एक' म्हणजे ग्लुकोज, कोलेस्ट्रॉल आणि युरिक ॲसिड मोजणारं. तीन-इन-एकमध्ये मशीन एकच असलं तरी प्रत्येक तपासणीची पट्टी वेगळी असते, डबी वेगळी असते, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये प्रत्येक डबीसोबत एक छोटी कोड-चिप येते. नवी डबी उघडली की तिच्यातलीच चिप मशीनमध्ये घालायची आणि पडद्यावरचा कोड डबीवरच्या कोडशी जुळवायचा. ग्लुकोजची पट्टी लावून युरिक ॲसिड निघत नाही. सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

पट्टीच्या टोकाला एक बारीक चीर असते. रक्ताचा थेंब लागला की ती तो आपोआप आत ओढते. आतल्या रसायनाशी युरिक ॲसिडची अभिक्रिया होऊन इलेक्ट्रॉन सुटतात, मशीन तो विजेचा सूक्ष्म प्रवाह मोजतं आणि त्यावरून आकडा काढतं. अडचण अशी की इलेक्ट्रॉन सोडणारे इतर पदार्थही रक्तात असू शकतात. व्हिटॅमिन सी त्यातलं मुख्य, आणि पॅरासिटामॉलही. भरपूर व्हिटॅमिन सी घेतलेलं असेल तर मशीन त्याचेही इलेक्ट्रॉन मोजतं आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतं. लॅबमध्ये नेमकं उलट घडतं. तिथे एन्झाइमने युरिक ॲसिड फोडून तयार होणारं पेरॉक्साइड रंगावरून मोजतात, आणि व्हिटॅमिन सी ते पेरॉक्साइड खाऊन टाकतं, म्हणून आकडा कमी येऊ शकतो. एकाच सकाळी मशीन ७.५ आणि लॅब ६.४ सांगत असेल, तर दोघांना खोटं ठरवण्याआधी जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची चौकशी करा. व्हिटॅमिन सीची चघळायची गोळी आदल्या दिवशीपासून बंद ठेवा. पॅरासिटामॉल घेतलं असेल तर निदान सहा-आठ तास जाऊ द्या.

दुसरा घोटाळा रक्ताच्या दाटपणाचा. पट्टी पूर्ण रक्त मोजते, लॅब रक्तपेशी काढून उरलेला द्रव मोजते. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर मशीनचा आकडा जास्तीकडे झुकतो, रक्त दाट असेल तर कमीकडे. प्रत्येक पट्टीच्या माहितीपत्रकात हिमॅटोक्रिटची, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणाची, मर्यादा दिलेली असते आणि ती कुणी वाचत नाही. किडनीच्या आजारामुळे ॲनिमिया असलेल्यांनी किंवा डायलिसिसवर असलेल्यांनी मशीनच्या भरवशावर राहूच नये, लॅबच बरी.

थेंब

बऱ्याच पट्ट्या इथेच वाया जातात, म्हणून यावर जरा रेंगाळू.

हात साबणाने आणि कोमट पाण्याने धुवा, आणि पूर्ण कोरडे करा. कोमट पाण्याने बोटात रक्त उतरतं. थंड, ओल्या बोटातून थेंबच येत नाही, आणि आला तर ओलाव्याने पसरतो किंवा पातळ होतो. स्पिरिट वापरायचं असेल तर ते उडून जाईपर्यंत थांबा. हात मिनिटभर खाली सोडून ठेवा. मधल्या किंवा अनामिकेच्या टोकाची बाजू निवडा, मधोमध नको. तिथे मज्जातंतू दाट असतात आणि दिवसभर ठणकतं. ज्या बोटावर गाऊटची गाठ आहे किंवा सांधा सुजलेला आहे, ते बोट सोडून द्या.

टोचायच्या पेनवर खोलीचे आकडे असतात. युरिक ॲसिडच्या पट्टीला ग्लुकोजपेक्षा जास्त रक्त लागतं. ग्लुकोजच्या नव्या पट्ट्या अर्ध्या-एक मायक्रोलिटरवर भागवतात, युरिक ॲसिडच्या काही पट्ट्यांना त्याच्या तिप्पट-चौपट हवं असतं. शुगरची सवय असलेला माणूस नेमका इथे फसतो: त्याच खोलीवर टोचतो, मोहरीएवढा थेंब येतो आणि पट्टी अर्धवट भरते. पेनची खोली एका खुणेने वाढवा. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून टाका, दुसरा घ्या. थेंब येत नाही म्हणून बोटाचं टोक आवळत बसू नका. आवळल्याने पेशींमधलं पाणी रक्तात मिसळतं, पेशी फुटतात, आणि आकडा बिघडतो. तळहाताकडून बोटाच्या टोकाकडे हलकेच दाबत आणा, सोडा, पुन्हा आणा. थेंब गोल, उभा, साबुदाण्याच्या भिजलेल्या दाण्याएवढा झाला की मग पट्टीचं टोक त्याच्या कडेला टेकवा. थेंब पट्टीवर वरून टाकायचा नाही, कडेने पिऊ द्यायचा. खिडकी पूर्ण लाल झाली की हात काढा. अर्धी राहिली तर वरून दुसरा थेंब घालू नका, ती पट्टी फेकाच. मोजणी सुरू झाल्यावर घातलेलं रक्त हिशोबात नीट येत नाही आणि आलेला आकडा विश्वासार्ह नसतो.

लॅन्सेट, म्हणजे टोचायची सुई, एकदाच वापरायचं आणि एकाच माणसाने. घरात दोघांची तपासणी असेल तर टोचायचं पेनसुद्धा वेगळं ठेवा. केवळ लॅन्सेट बदलून भागत नाही, पेनच्या टोकाला लागलेल्या रक्तातून कावीळ 'बी'चा संसर्ग होऊ शकतो. वापरलेली लॅन्सेट जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत साठवा आणि भरली की लॅब किंवा दवाखान्यात द्या. ओल्या कचऱ्यात सोडलेली सुई सफाई कामगाराच्या हातात घुसते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर टोचल्यावर दोन-तीन मिनिटं दाबून धरा.

पट्ट्या आणि पावसाळा

पट्टीचा शत्रू दमट हवा. डबीच्या झाकणात किंवा तळाशी ओलावा शोषणारं रसायन असतं, म्हणून पट्ट्या दुसऱ्या डबीत काढून ठेवायच्या नाहीत आणि पट्टी काढली की झाकण त्याच क्षणी लावायचं. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये डबी पाच मिनिटं उघडी राहिली तरी उरलेल्या पट्ट्यांचा भरवसा कमी होतो. फ्रिजमध्येही ठेवू नका. बाहेर काढल्यावर पाण्याचे सूक्ष्म थेंब बसतात. विदर्भात मे महिन्यात उलटा प्रश्न: खोलीच ४० अंशांवर जाते आणि बरीच मशीन तेवढ्या उष्णतेत 'एरर' दाखवतात. तपासणी सकाळी, सावलीत करा.

डबीवरची मुदत न उघडलेल्या डबीची असते. उघडल्यावर किती दिवस चालेल ते वेगळं लिहिलेलं असतं आणि ते फार कमी असतं. उघडल्याची तारीख पेनने डबीवर लिहा. पट्ट्या स्वस्त नसतात, म्हणून महिन्यातून एकदा मोजणाऱ्याने मोठं पाकीट घेऊ नये. अर्धं पाकीट मुदत संपून फुकट जातं, आणि नंतर तेच मन घट्ट करून वापरलं जातं.

मशीन 'लो' दाखवतं तेव्हा बिघडलं असं नाही. बऱ्याच मशीनची खालची मर्यादा ३ असते, त्याखालचा आकडा ते देत नाहीत. वरच्या टोकाला 'हाय' असतं. नियंत्रण द्रावण (मशीन बरोबर मोजतं का हे तपासायचं, ठरलेल्या आकड्याचं द्रावण) मिळत असेल तर नवी डबी उघडल्यावर एकदा तपासा, मात्र ते युरिक ॲसिडचंच हवं. शुगरचं द्रावण इथे चालत नाही.

मशीनची लॅबशी ओळख करून द्या

माझ्या मते हे न करता मशीन वापरणं म्हणजे न जुळवलेल्या काट्यावर सोनं तोलणं. मशीनचा आकडा आणि लॅबचा आकडा यांत दहा-बारा टक्क्यांचा फरक असणं सर्वसाधारण आहे. ६ वर दहा टक्के म्हणजे ५.४ ते ६.६, आणि या पट्ट्यातच तर सगळे निर्णय घ्यायचे असतात.

रक्त घ्यायला लॅबचा मुलगा घरी येतो, त्याच दिवशी तो शिरेतून रक्त काढत असताना किंवा त्यानंतर पाच मिनिटांत बोट टोचून मशीनवर मोजा. नळीतलं रक्त पट्टीवर टाकू नका. नळीत रक्त गोठू नये म्हणून घातलेली रसायनं पट्टीच्या कामात लुडबुड करतात. अशा तीन जोड्या, वेगवेगळ्या महिन्यांत, लिहून ठेवा. समजा लॅबचे आकडे ७.४, ६.६ आणि ५.७ आले, आणि मशीनचे ८.१, ७.२ आणि ६.३. फरक प्रत्येक वेळी ०.६ ते ०.७, आणि दिशा एकच. म्हणजे तुमचं मशीन साधारण ०.६ जास्त सांगतं आणि तुमच्यासाठी मशीनवरची ६.६ म्हणजे लॅबची ६. पण फरक एकदा ०.८ जास्त, एकदा ०.६ कमी असा उड्या मारत असेल, तर वजाबाकी करून उपयोग नाही. ते मशीन किंवा ती टोचण्याची पद्धत अस्थिर आहे. त्याच सकाळी लागोपाठ दोन पट्ट्या, दोन वेगळ्या थेंबांवर, वापरून बघा. दोघींत ०.५ पेक्षा जास्त फरक असेल तर तिसरी घ्या आणि सगळ्यात वेगळा आकडा सोडून द्या. पट्टीची बॅच बदलली की जोडी पुन्हा एकदा जुळवा.

कधी मोजायचं, कधी नाही

अटॅकच्या दिवशी मोजू नका. निदान त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. भडकलेल्या सांध्याच्या काळात रक्तातलं युरिक ॲसिड बऱ्याचदा खाली येतं. अंगठा टम्म सुजलेला आणि रिपोर्ट ५.८, म्हणून "हा गाऊट नाही" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. दुखणं पूर्ण थांबल्यानंतर निदान दोन आठवड्यांनी मोजलेला आकडा खरा.

बाकीच्या दिवशी नियम एकच: दर वेळी सारख्याच परिस्थितीत मोजा. सकाळी उठल्यावर, चहा-नाश्त्याच्या आधी, ही वेळ सोयीची. पण रात्रभराच्या झोपेपेक्षा लांबलेला उपवास वेगळा. निर्जळी एकादशी, नवरात्रातला नऊ दिवसांचा कडक उपवास किंवा रोजे चालू असताना शरीर चरबी जाळतं, त्यातून तयार होणारी केटोन किडनीत युरिक ॲसिडला बाहेर जाऊ देत नाहीत, आणि त्यात पाणीही कमी. आकडा तात्पुरता वर दिसतो. साबुदाण्याच्या खिचडीला त्यासाठी दोष देऊ नका. आदल्या रात्रीची बिअर, दिवसभराचा घाम, लांब पळणं किंवा गडावरची चढाई याचाही असाच परिणाम होतो. मोजायच्या आधीचे दोन दिवस नेहमीसारखे जाऊ द्या.

डोस बदलत असताना दोन ते चार आठवड्यांनी एकदा पुरे. ॲलोप्युरिनॉल सामान्यतः १०० मिलिग्रॅम किंवा किडनी कमजोर असेल तर त्याहून कमी डोसवर सुरू करतात आणि आकडा बघत काही आठवड्यांनी एक पायरी वाढवतात. फेबुक्सोस्टॅट बहुधा ४० पासून. नव्या डोसचा पूर्ण परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात. त्याआधी रोज टोचून घेणं म्हणजे पट्ट्या आणि मनःशांती दोन्ही घालवणं. डोस मात्र मशीनच्या आकड्यावर स्वतःच वाढवायचा नाही. ॲलोप्युरिनॉलवर अंगावर पुरळ आलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. क्वचित ती प्रतिक्रिया जीवघेणी असते. ॲझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) घेणाऱ्यांनी ॲलोप्युरिनॉल आणि फेबुक्सोस्टॅट ही दोन्ही औषधं डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊच नयेत.

गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत अटॅक वाढू शकतात, आणि नेमके आकडे खाली येत असतानाच. साठलेले स्फटिक विरघळून मोकळे होतात म्हणून हे घडतं. "गोळी सुरू केली आणि दुखणं वाढलं" असं म्हणून बरेच जण इथेच सोडून देतात. यासाठीच डॉक्टर सुरुवातीचे तीन ते सहा महिने कोल्चिसिनसारखं औषध सोबत देतात. मशीनवर आकडा ८.५ वरून ६.४ वर आलेला दिसत असेल तर अटॅक येऊनही उपचार योग्य दिशेने चालू आहेत, हे सांगायला त्या वेळी दुसरं कुणी नसतं. आकडा स्थिर झाला की तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी.

मशीन एक गोष्ट फार प्रामाणिकपणे सांगतं: गोळ्या चुकलेल्या. ॲलोप्युरिनॉल बंद केलं की एक-दोन आठवड्यांत आकडा जुन्या जागी परततो. गावी जत्रेला गेलो, गोळ्या विसरलो, आल्यावर मटण खाल्लं म्हणून वाढलं, अशी समजूत होते; वाढलेलं असतं ते गोळ्या चुकल्यामुळे.

ताटाचं काय

खाण्याने आकडा हलतो, पण कडक पथ्यानेही फार तर १ च्या आसपास. ९.२ वर असलेला माणूस पथ्याने ६ वर येत नाही. तरीही आपल्याकडे पथ्याच्या नावाखाली भलत्याच गोष्टी बंद होतात: टोमॅटो, पालक, दही, तूरडाळ. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात ४७ हजारांहून जास्त पुरुषांवर बारा वर्षं लक्ष ठेवलं होतं. मांस आणि मासळीने गाऊटचा धोका वाढला, प्युरिन (ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनतं) असलेल्या भाज्यांनी वाढला नाही, आणि दूध-दह्याने कमी झाला. कमी करायचं ते कलेजी, भेजा, वजडी, बांगडा-तारली रोजची, सुकट, बिअर आणि गोड थंड पेयं. डाळभाताला हात लावू नका.

गोळ्यांच्या डब्यात मात्र डोकवा. रक्तदाबाच्या संयुक्त गोळीत हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल तर ते युरिक ॲसिड वाढवतं. ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिनही थोडं वाढवते. टीबीच्या उपचारातलं पायराझिनामाइड तर चांगलंच वाढवतं, पण म्हणून टीबीची गोळी कधीच थांबवायची नाही. उलट लोसार्टन आणि डायबेटिसमधली डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधं थोडं कमी करतात. कोणतीही गोळी आपल्या मनाने बदलू नका, पण डॉक्टरांना यादी दाखवा. रक्तदाबाची गोळी बदलून मिळू शकते, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

किडनीत युरिक ॲसिडचा खडा झालेल्यांना हे मशीन नाही, लघवीची सामू (पीएच) मोजणारी पट्टी उपयोगी पडते. असे खडे आम्लयुक्त लघवीत बनतात, सामू ५.५ च्या खाली असताना. पोटॅशियम सायट्रेट देऊन डॉक्टर तो ६ ते ६.५ च्या आसपास आणतात. पट्टी सकाळच्या लघवीत बुडवून रंग उजेडात जुळवायचा. रक्ताचं युरिक ॲसिड नॉर्मल असतानाही हे खडे होतात.

सांधा लाल-गरम आणि सोबत थंडी वाजून ताप असेल तर मशीन बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो, आणि त्यात तासांना किंमत असते.

डॉक्टरांकडे जाताना मोबाइलमधला एकच आकडा दाखवू नका. वहीचं पान न्या: तारीख, वेळ, दोन पट्ट्यांचे दोन्ही आकडे, त्या वेळचा डोस, गेल्या दोन आठवड्यांत किती गोळ्या चुकल्या, शेवटचा अटॅक कधी आणि कोणत्या सांध्याला. आणि कोपऱ्यात पट्टीच्या डबीचा बॅच नंबर. आकडा अचानक उडाला की पहिल्यांदा तोच बघावा लागतो.